पोचा काढायचा की ठेवायचा?

जुनी गाडी 'ओरिजिनल' करायची म्हणजे नेमकी कोणत्या सालची करायची?

प्रश्न फालतू वाटला? मग तुमच्या घरात जुनी गाडी नाही, एवढंच. ज्यांच्या अंगणात एखादी पद्मिनी, एखादी अँबॅसॅडर, गेलाबाजार एखादी जीप ताडपत्री पांघरून उभी आहे, त्यांना विचारून बघा. चहा गार होईल, पण विषय संपणार नाही.

आमच्याकडे वर्ध्याला १९७५ ची प्रीमियर पद्मिनी आहे. आजोबांची. ते हिंगणघाटला डॉक्टर होते. तेव्हा शोरूममध्ये जाऊन गाडी आणायची सोय नव्हती, नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. त्यामुळे गाडी आली ती एखाद्या सुनेसारखी, वाजतगाजत. आजोबा तिच्यातून व्हिजिटला जायचे, आजी तिच्यातून लग्नांना जायची आणि उरलेला वेळ सगळी चुलत-मावस गँग तिच्यात बसून गावाला जाऊन यायची, गाडी जागची न हलवता. पुढं सलग सीट आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, म्हणजे पुढंच तिघं सहज मावायचे. मागं किती मावायचे, ते मोजायचं नसतं.

२००९ पासून ती उभीच होती. गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीत बाबा रिटायर झाले आणि आठ दिवसांत त्यांनी जाहीर केलं, "गाडी काढतो." मी पुण्यात फ्रीलान्सिंग करते, म्हणजे घरच्यांच्या मते रिकामीच असते. शिवाय 'तुले माहिती काढता येते' हे माझं क्वालिफिकेशन. झालं! प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून माझं अपॉइंटमेंट पक्कं.

पुण्यात ही बातमी फुटल्यावर दोस्तांच्यात लगेच दोन पार्ट्या पडल्या. पहिली सोवळ्यातली. एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही, वायरच्या टोकाची टोपीसुद्धा त्याच काळातली हवी. दुसरी पार्टी एकदम बिनधास्त. बॉडी तीच ठेव, आत नवं मारुतीचं इंजिन, एसी, बकेट सीट, अलॉय व्हील्स, म्युझिक सिस्टिम. याला 'रेस्टोमॉड' म्हणतात म्हणे. फोटोत मात्र दिसतं भारी, खोटं कशाला बोलू.

दोन्ही पार्ट्यांचं ऐकून घेतल्यावर वर्ध्याच्या आमच्या मिस्त्रीकाकांनी बॉनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न टाकला. "ताई, शोकेसात ठेवाची हाय का रस्त्यावर चालवाची, थे सांगा पयले."

या प्रश्नाचं उत्तर न देता जो गॅरेजमध्ये जातो त्याचे पैसे दोनदा जातात, हे मला नंतर चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं.

आता ओरिजिनलचं बघा. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. फिएट ११०० चं डिझाइन इटलीचं, पण गाड्या बनायच्या कुर्ल्यात. सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं आणि २००० च्या आसपास ती बनायची थांबली. एवढ्या वर्षांत कंपनीनंच तिच्यात काय काय बदललं! जाळी बदलली, दिवे बदलले, शेवटी शेवटी आलेल्या एस-वन मॉडेलमध्ये तर गिअरही दांड्यावरून खाली जमिनीवर आणला. म्हणजे खुद्द कंपनीच सोवळं पाळत नव्हती.

आणि आमची गाडी? फॅक्टरीतून आली तेव्हा तिच्यात डायनामो होता. गाडी सिग्नलला थांबली की हेडलाइट मेणबत्तीसारखे मिणमिणायचे. रात्रीच्या व्हिजिटला याचा वैताग येऊन आजोबांनी १९८८ मध्ये अल्टरनेटर बसवून घेतला. मूळ रंग फिकट हिरवट. दाराच्या रबराखाली तो अजून सापडतो. पण आई-बाबांच्या लग्नाच्या वेळी गाडी पांढरी झाली ती आजतागायत. मग 'ओरिजिनल' म्हणजे १९७५? की १९८८? की आई-बाबांच्या लग्नाचा फोटो?

त्यात तो पोचा. मागच्या डाव्या दारावर, बरोबर मध्ये, ताटलीएवढा. हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या सीझनमध्ये बंड्यांची जी गर्दी व्हायची (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी : बंडी म्हणजे बैलगाडी), त्या गर्दीत एका बंडीची दांडी दारात घुसली. बंडीवाला दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन घाबरत दवाखान्यात आला. आजोबांनी पैसे घेतले नाहीत, हे ठीक. पण त्यांनी पोचाही काढला नाही, कधीच. का, यावर घरात दोन थिअरीज आहेत. बाबांच्या मते मनाचा मोठेपणा. आजीच्या मते चिक्कूपणा. आजीबरोबर ते सत्तेचाळीस वर्षं राहिले, त्यामुळे माझं मत आजीला.

तर हा पोचा काढायचा की ठेवायचा? हसू नका, आमच्याकडे यावरून तीन रविवार गेलेत.

मोटार आणि बैल यांचं नातं तसं आमच्या जिल्ह्याला नवीन नाही. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. त्या गावाचं सेवाग्राम हे नाव नंतरचं. वर्ध्याहून अंतर जेमतेम सात-आठ किलोमीटर, पण रस्ता असा की पावसाळ्यात चाक रुतलं की रुतलं. त्या काळात तिथं एक फोर्ड मोटार होती आणि तिला ओढायला बैल जुंपलेले असायचे. ऑक्स अधिक फोर्ड, म्हणून गाडीचं नाव 'ऑक्स-फोर्ड'! गांधीजींचे नातू लागणारे कनू गांधी १९३८ पासून पुढची दहा वर्षं त्यांचे फोटो काढत होते, त्यांच्या फोटोंमध्ये ही गाडी आहे. २०१५ मध्ये निघालेल्या 'कनूज गांधी' या पुस्तकामुळे ते फोटो पुन्हा लोकांसमोर आले. परिस्थितीप्रमाणे गाडी बदलण्याचा याहून जबरदस्त नमुना मला तरी माहीत नाही. डेट्रॉइटची कार, वर्ध्याचे बैल.

आता जस्ट इमॅजिन. उद्या ती फोर्ड तुमच्या हातात आली आणि सांगितलं की हिला ओरिजिनल करा. तुम्ही काय कराल? जू काढून टाकाल, इंजिन घरघरत ठेवाल, क्रोम चमकवाल? छान. तुमच्याकडे एक जुनी फोर्ड तयार झाली. तशा जगात लाखो बनल्या होत्या. पण ऑक्स-फोर्ड एकच होती आणि ती तुम्ही स्वतःच्या हातानं पुसून टाकलीत.

जुन्या गाड्यांची 'फिवा' नावाची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिनं स्वीकारलेल्या ट्युरिनच्या सनदेत हाच विचार जरा सभ्य भाषेत मांडलाय. गाडी ही जुन्या इमारतीसारखी वारसा आहे, तिच्या अंगावरच्या वयाच्या आणि वापराच्या खुणा हाही इतिहासच, आणि जो बदल कराल तो शक्यतो परत काढता येण्याजोगा ठेवा. म्हणजे गाडी फॅक्टरीच्या दारात होती तशीच करा, असं नाही. ती जे जगली ते मोडू नका, असं. हे वाचल्यावर मला आमच्या पोच्याकडे एकदम आदरानं बघावंसं वाटलं.

पण थांबा. नुसत्या आदरावर गाडी चालत नाही. कारण ब्रेक.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. पॉवर ब्रेक वगैरे काही नाही, सगळी पॉवर तुमच्या उजव्या पायाची. १९७५ मध्ये समोर बंडी, सायकल आणि फार तर एसटी असायची. आज वर्धा-नागपूर रस्त्यावर तुमच्या पुढं जो एसयूव्हीवाला आहे तो ब्रेक मारला की जागच्या जागी थांबतो. तुम्ही थांबत नाही. बाबांना नागपूरला जायचंय, एका बाजूला पंच्याहत्तरेक किलोमीटर. म्हणून ब्रेकच्या बाबतीत मी एका पैशाचीही भावनिक झाले नाही. ड्रम टर्न करून घेतले, लायनर नवे, व्हील सिलिंडर नवे, मास्टर सिलिंडर नवा, रबरी होज सगळे नवे. डिस्क ब्रेक बसवायचा मोह झाला होता, पण त्याला पुढचं सगळं हब बदलावं लागतं आणि तो बदल आरटीओच्या कागदात कुठं बसवायचा, हा वेगळाच घोळ. त्यापेक्षा चांगल्या अवस्थेतले ड्रम आणि ताशी साठच्या आतला वेग, हे मिस्त्रीकाकांचं सोल्युशन जास्त पटलं. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातूनच जातो, पण तिथं १२० नं जाणाऱ्या गाड्यांच्या मध्ये ही म्हातारी न्यायची नाही, हा घरात झालेला एकमेव एकमतानं ठराव.

टायर रेडियल टाकले, रिम त्याच. हेडलाइटची काच जुनी, आत हॅलोजन आणि वायरिंगमध्ये एक रिले. एलईडी टाकू नका, प्लीज. जुन्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी टाकला की उजेड रस्त्यावर पडत नाही, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पुढच्या दोन बाजूंना सीट बेल्ट. त्यासाठी दाराच्या खांबात आतून जाड पत्र्याची पट्टी वेल्ड करावी लागली, नुसत्या पत्र्याला बोल्ट मारून बेल्ट अडकवला तर तो शोपीस. मधली तिसरी सीट बाद. आजी खट्टू झाली, कारण ती तिची सीट होती.

आणि मग ऊन. वर्ध्याचा मे महिना ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, पारा ४५ च्या वर. अशा उन्हात जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचं पेट्रोल इंजिनच्या उष्णतेनं पंपात आणि नळीतच वाफ होतं आणि गाडी चालता चालता बसते. यावर आजोबांचा उपाय ओल्या फडक्याचा. डिकीत पाण्याची बाटली, पेट्रोल पंपावर ओलं फडकं, दहा मिनिटं सावलीत, की पुन्हा सुरू. त्या काळी फिएट-अँबॅसॅडरवाले सगळेच हे करायचे. ओरिजिनल कूलिंग सिस्टिम! एसीच्या जागी काय, तर पुढच्या काचेशेजारची ती तिकोनी काच. ती बरोबर कोनात फिरवली की वारा थेट तोंडावर. मेमध्ये तो वारा नसतो, तवा असतो, ही गोष्ट वेगळी.

आता यात नवीन भर पडलीय ती पेट्रोलचीच. २०२५ पर्यंत देशभरात पेट्रोलमध्ये २० टक्के एथेनॉल आलं. १९७५ च्या गाडीतल्या रबरी नळ्या, डायफ्राम, वॉशर यांनी एथेनॉलचं नावही ऐकलेलं नव्हतं. एथेनॉल जुनं रबर फुगवतं, भुसभुशीत करतं, शिवाय हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिना महिना उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते. इथं सोवळ्यातल्या पार्टीचं ऐकलं असतं तर 'त्याच काळातली' नळी लावून गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकवत बसलो असतो. आम्ही टाकी आतून साफ करून घेतली, सगळ्या नळ्या एथेनॉल सोसणाऱ्या टाकल्या, पंपाच्या मागं उष्णता अडवायला एक पत्रा लावला आणि मागं टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप बसवला. जुना पंप जागेवर तसाच. बॉनेट उघडून बघितलं तर काहीही बदललेलं दिसत नाही, आणि दोन बोल्ट काढले की सगळं पूर्ववत. माझ्या मते प्रॅक्टिकल आणि ओरिजिनलची भांडणं मिटवायची जागा ही असते, न दिसणारी आणि परत फिरता येणारी.

मारुतीच्या इंजिनाचं काय झालं? ते परत फिरता येणारं नसतं. इंजिन बसवायला माउंटिंग कापावी लागतात, गिअरबॉक्स बदलला की मधला बोगदा कापावा लागतो, मग रेडिएटर, मग सायलेन्सर... शेवटी वरचा पत्रा तेवढा फिएटचा उरतो. कायद्याची बाजूही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनमानी बदलांना आडवं येतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालणार नाहीत. तेव्हा इन्स्टाग्रामवर रील भारी दिसेल, पण अपघात झाला आणि विमा कंपनीनं बॉनेट उघडलं तर?

सगळ्यात मोठं भांडण मात्र इंजिनावरून झालं नाही, कागदावरून झालं. जुलै २०२१ पासून केंद्राचे व्हिंटेज गाड्यांचे नियम आहेत. पहिल्या विक्रीला पन्नास वर्षं झालेली, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढच्या नोंदणीला ५,०००. नव्यानं नोंदवलेल्या गाडीला 'व्हीए' सिरीजचा नंबर मिळतो, आधीच नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. आमच्या गाडीनं २०२५ मध्ये पन्नाशी गाठली. माझे डोळे चमकले. आजोबांच्या गाडीवर सरकारी 'व्हिंटेज'चा शिक्का!

पण खाली बारीक अक्षरात एक अट. अशी गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, अशा कामांनाच. बाबांनी चष्मा काढला.

"म्हंजे आईले घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात नाही जाता येणार?"

"नियमित नाही."

"मंग ठेवाची काय देवघरात? तुह्या आजोबानं गाडी चालवाले घेतली होती, हळदी-कुंकू लावाले नाही."

आजीचं दर महिन्याला सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलला चेकअप असतं. तिथं आमची नवी कार जाते, रिक्षाही जाते. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आजी एकदाच म्हणाली होती, की ह्यांच्या गाडीत बसून एकदा दवाखान्यात जाऊ द्या, इतकी वर्षं पेशंट बसले, मी पेशंट म्हणून बसलेच नाही. सगळा प्रोजेक्ट त्या एका वाक्यावर सुरू झालाय, हे मला बाबांनी त्या दिवशी सांगितलं. मी व्हीएचा फॉर्म फाइलला लावून टाकला. साधीच नोंदणी ठेवायची. दर पाच वर्षांनी तपासणी, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाचे १०,००० रुपये. महाग आहे. पण त्या पैशात गाडी गाडी राहते.

तुमची केस वेगळी असू शकते. घरात रोजच्याला दुसरी गाडी असेल, तुम्हाला वर्षातून दोन रॅलींनाच जायचं असेल, तर व्हीए बेस्ट. मग मात्र अलॉयचा विचारही करू नका आणि डायनामो असेल तर डायनामोच ठेवा. दोन्ही दगडांवर पाय ठेवणारेच जास्त फसतात. रॅलीत परीक्षक मार्क कापतात आणि हायवेवर गाडी गरम होते.

पोच्याचं राहिलंच. दाराचं आतलं कव्हर काढल्यावर कळलं की दार खालून गंजलंय. तो भाग कापून नवा पत्रा जोडावाच लागला, त्याला पर्याय नव्हता. पोचा वर होता, तिथला पत्रा धड. आतून रेड ऑक्साइड मारला आणि पोचा ठेवायचं ठरलं. तेव्हा पेंटर अडला. "एवढा भारी पेंट मारतो आन् मधात खड्डा ठेवतो? लोक म्हनतीन याले लांबी भरता येत नाही." त्याच्या दृष्टीनं तो अब्रूचा प्रश्न होता आणि मला तो मनापासून पटला. शेवटी तह झाला. पोचा राहील, रंग लग्नातला पांढराच राहील, पण काम कुणी केलं हे आम्ही कुणालाही सांगायचं नाही. दाराच्या आतल्या कडेला, रबराखाली, बोटभर हिरवट रंगही त्यानं न घासता सोडलाय. तो सांगून नाही, स्वतःहून.

सध्या काम अडलंय ते मागच्या डाव्या दिव्यावर. मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे बंद झाली, तेव्हा वाटलं होतं की आता कुर्ल्याच्या बाजारात पार्टचा पाऊस पडेल. पडलाही, पण टॅक्सीचे पार्ट म्हणजे रगडलेले. कार्बोरेटरची एक जोडी मी स्वतः महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये मांडीवर घेऊन वर्ध्याला आणली, डबाभर पेट्रोलचा वास. दिवा मात्र मिळत नाहीये. दुकानदार विचारतात, "जेन्युइन पाहिजे की लोकल?" जेन्युइन म्हणून जे दाखवतात त्याची काच प्लॅस्टिकची असते आणि लोकल म्हणून जे दाखवतात ते जास्त नीट बसतं. आजीचा पुढचा चेकअप पंधरा तारखेला आहे. तोवर नाहीच मिळाला, तर लोकल.